त्याच्या शंभरामागे तुझे ऐंशी

ताई,

गेली नऊ वर्षं मी एका कंपनीच्या खरेदी विभागात आहे. अडीच वर्षांपूर्वी माझ्याच पदावर एक सहकारी रुजू झाला. वयाने आणि अनुभवाने माझ्याहून थोडा लहानच. कोणता पुरवठादार वेळ पाळतो, कोणाकडून किती दिवसांची उधारी मिळते, सिस्टिममध्ये ऑर्डर कशी चढवायची, हे सगळं मीच त्याला शिकवलं. मागच्या महिन्यात त्याला कर्जाच्या अर्जाला पगाराची स्लिप जोडायची होती. त्यातली एक कपात त्याला कळेना, म्हणून त्याने स्लिप माझ्यापुढे धरली. मी कपात समजावून सांगितली, पण तोवर नजर वरच्या ओळीवर जाऊन आली होती. त्याचा पगार माझ्या सव्वापट आहे.

त्याचा राग येत नाही, चांगला मुलगा आहे. राग स्वतःचाच येतो. रुजू होताना देतील ते घेतलं. बाळंतपणाच्या रजेवरून परतले तेव्हा नोकरी टिकली हेच पुष्कळ वाटलं, त्या वर्षीची वाढ मागितलीच नाही. साहेब एकदा बोलता बोलता म्हणाले होते, "त्याला घर चालवायचंय." नवरा म्हणतो, दोन पगार येतायत, कशाला वाईटपणा घेतेस? दिवसभर कंपनीसाठी घासाघीस करणारी मी स्वतःसाठी तोंड उघडायला घाबरते. बोलू का? बोलले तर त्या मुलाचा विश्वासघात होईल का? आणि मुळात चूक माझीच आहे का? मला धाकटी बहीण समजून एकेरीतच लिहा.

खरेदी विभागातली


प्रिय बहिणी,

तुझं पत्र दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा एका वाक्यापाशी थांबले. "मी कपात समजावून सांगितली." वरची ओळ वाचून पोटात खड्डा पडलेला असताना खालची ओळ तू त्याला नीट समजावून दिलीस. तू कशी काम करतेस हे कळायला मला आणखी काही विचारायची गरज उरली नाही.

तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर मनात पक्कं झाल्याशिवाय पुढचं काही तुझ्या हातून होणार नाही. चूक तुझी नाही. नुसता धीर द्यायचा म्हणून मी हे लिहीत नाहीये. मी अठ्ठावीस वर्षं पगारपत्रकं केली. पगार कसा ठरतो ते टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिलंय.

खरं तर पगार एकदाच ठरतो. पुढची सगळी वर्षं तोच आकडा टक्क्यांनी वाढत जातो. नोकरीच्या अर्जात 'सध्याचा पगार' असा एक रकाना असतो. तिथे जो आकडा लिहिला असेल त्यावर थोडे टक्के चढवायचे आणि ऑफर काढायची, ही सर्रास चालत आलेली रीत. म्हणजे पहिल्या नोकरीत कमी मिळालेलं दुसऱ्या नोकरीत सोबत येतं आणि तिथून तिसऱ्या. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ साली कायदाच केला, की ऑफर देण्याआधी उमेदवाराला आधीचा पगार विचारायचा नाही. पुढे इतर अनेक राज्यांनी तेच केलं. एका साध्या रकान्यासाठी कायदा करावा लागला, यावरून त्या रकान्याने किती नुकसान केलं असेल ते बघ.

आता तुमच्या दोघांचा हिशेब मांडू. तुझा पगार शंभर धर, त्याचा सव्वाशे. दोघांनाही दरवर्षी अगदी सारखी, ८ टक्के वाढ मिळते असं समज. कागदावर कोणावर अन्याय नाही. पण आज पंचविसाचा असलेला फरक नऊ वर्षांनी पन्नासाचा होतो. बोनस त्याच आकड्यावर निघतो, निवृत्तीची पुंजीही त्याच आकड्यावर साठते. तेव्हा "वाढ तर सगळ्यांना सारखीच दिली की" असं कोणी म्हणालं, तर सारखी वाढ जुना फरक मिटवत नाही, रकमेत तो मोठाच करते, हे लक्षात असू दे. आणि हेच उलटीकडून पाहिलं, तर त्याच्या शंभरामागे तुझ्या हाती ऐंशी येतात.

जगभरातल्या बायकांची कमाई पुरुषांपेक्षा सरासरी साधारण २० टक्क्यांनी कमी आहे, असा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा अंदाज आहे. तुझा आकडा त्याच्याशी जुळतो, पण दोन्हींत फरक आहे, आणि साहेबांसमोर बसशील तेव्हा तो तुला ठाऊक असायला हवा. त्या सरासरीत सगळ्या प्रकारची कामं आली. कमी पगाराच्या कामांत बायका जास्त, वरच्या खुर्च्यांवर कमी, अर्धवेळ कामात पुन्हा जास्त, हे सगळं त्या वीस टक्क्यांत मिसळलेलं असतं. तुझं तसं नाही. तुझं पद तेच, काम तेच, टेबलही शेजारचं. सरासरीवर वाद घालता येतो, तुझ्या प्रकरणात वादाला जागा फार थोडी आहे. म्हणून बोलताना जगाची आकडेवारी काढूच नकोस. ती काढलीस की चर्चा जगाची होईल आणि तुझा पगार बाजूला राहील.

"मी मागितलंच नाही," असं तू लिहिलंयस. बायका मागत नाहीत म्हणून त्यांना मिळत नाही, हे वाक्य मीही वर्षानुवर्षं ऐकलं, आणि एके काळी मला ते पटायचंही. आता पटत नाही. हॅना रायली बोल्स आणि लिंडा बॅबकॉक यांनी आपल्या सहकाऱ्यांसह केलेले काही प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाले. त्यांत दिसलं, की जास्त पगार मागणाऱ्या बाईबरोबर काम करायला लोक जितके नाखूश होतात, तितके मागणाऱ्या पुरुषाबाबत होत नाहीत. मागणी तीच असली तरी तो महत्त्वाकांक्षी ठरतो आणि ती हावरट. तेव्हा तुझ्या मनात जी भीती आहे तिला भित्रेपणा म्हणू नकोस. आजूबाजूला काय घडतं ते तू इतकी वर्षं बघत आली आहेस. आणखी एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. आंद्रेआस लायब्रांट आणि जॉन लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी नोकरीच्या खऱ्याखुऱ्या जाहिराती दिल्या. काहींत पगार चर्चेने ठरेल असं स्पष्ट लिहिलं, काहींत त्याबद्दल चकार शब्द नव्हता. जिथे लिहिलं नव्हतं तिथे घासाघीस करण्यात पुरुष पुढे होते. जिथे लिहिलं होतं तिथे हा फरक जवळपास नाहीसा झाला. म्हणजे मागायची परवानगी आहे एवढं कळलं, की बायकाही मागतात. रुजू होताना तुला ते कोणी सांगितलं होतं का? त्याला बहुधा सांगावं लागलं नाही.

आता त्या वाक्याकडे येते, जे वाचून माझाही हात थांबला. "त्याला घर चालवायचंय."

वेतन विभागात मला चारेक वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. वर्षाकाठी पगारवाढीचा तक्ता निघायचा. नाव, पद, चालू पगार, प्रस्तावित वाढ आणि शेवटी 'शेरा' असा एक अरुंद रकाना. साहेब तो पेन्सिलीने भरायचे, मी टाइप करायचे. त्या वर्षी भांडारातल्या एकाच पदावरच्या दोन नावांपैकी पुरुषाच्या नावापुढे शेरा होता, 'कुटुंबप्रमुख', आणि वाढ तिच्या जवळजवळ दुप्पट. बाईच्या नावापुढे शेऱ्याच्या जागी नुसती आडवी रेघ. ती बाई विधवा होती. दोन मुलं आणि म्हातारी सासू, सगळं तिच्या एकटीवर. मला ते माहीत होतं, कारण तिचा वारसाचा फॉर्म मीच भरून घेतला होता आणि तो माझ्या पाठीमागच्या कपाटात होता. हात मागे नेला असता तर निघाला असता. मी तक्ता टाइप केला, सहीला पाठवला आणि गप्प बसले. पुढे ती निवृत्त झाली तेव्हा तिच्या शेवटच्या हिशेबाचा कागदही मीच तयार केला. तो आकडा मला अजून पाठ आहे.

त्या पेन्सिलीच्या रेघेने मला जे शिकवलं ते तुला सांगते. गरज बघून पगार ठरतो असं म्हणणारी माणसं खरोखरची गरज कधी बघतच नाहीत. कोणाला गरज असते याची एक ठरीव कल्पना त्यांच्या डोक्यात असते, ते तीच बघतात. आणि खरंच गरज बघायची झाली, तर पाच मुलांच्या बापाला एका मुलाच्या बापापेक्षा जास्त पगार द्यावा लागेल आणि ब्रह्मचाऱ्याचा कापावा लागेल. असं कोणती कंपनी करते? तू एखादा दर ठरवताना पुरवठादाराच्या घरी खाणारी तोंडं किती, हे विचारतेस का? माल काय प्रतीचा, किती, कधी मिळणार, एवढंच बघतेस. पगार हा कामाचा दर आहे. तुझ्या घरात दोन पगार येतात की एक, याचा त्या दराशी संबंध नाही, आणि त्याच्या घरात किती येतात याचाही नाही.

हे काही माझं एकटीचं मत नाही. समान मूल्याच्या कामाला स्त्री-पुरुषांना समान मोबदला, हा करार आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९५१ साली केला आणि जगातल्या बहुतेक देशांनी तो स्वीकारलाय. त्यात 'समान काम' न म्हणता 'समान मूल्याचं काम' म्हटलंय. काम दिसायला वेगळं असलं तरी त्याला लागणारं कसब, मेहनत आणि जबाबदारी सारखी असेल तर मोबदलाही सारखा, असा त्याचा अर्थ. या एका शब्दासाठी बायकांना किती थांबावं लागलं बघ. इंग्लंडमधल्या डॅगनम इथल्या मोटारींच्या कारखान्यात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या बायका होत्या. त्यांचं काम कमी कौशल्याचं ठरवून त्यांना खालच्या श्रेणीत टाकलं, आणि त्या श्रेणीतल्या पुरुषांपेक्षाही पगार कमी दिला. १९६८ साली त्या तीन आठवडे संपावर गेल्या. सीटशिवाय गाडी बाहेर पडेना, कारखाना थांबला. १९७० साली ब्रिटनमध्ये समान वेतनाचा कायदा आला, त्यामागे या संपाचा मोठा हात होता. पण त्यांचं शिवणकाम कौशल्याचं आहे हे मान्य होऊन हक्काची श्रेणी मिळायला १९८४ साल उजाडलं, तेही पुन्हा एक संप करून. त्या सोळा वर्षांत कितीतरी जणी निवृत्त झाल्या असतील.

बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यावर जी वाढ तू सोडून दिलीस, तिच्याबद्दल थोडं लिहायलाच हवं. अर्थशास्त्रज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ साली नोबेल मिळालं, ते बायकांच्या कमाईचा दोनशे वर्षांचा इतिहास उलगडून दाखवल्याबद्दल. त्यांनी दाखवलं, की पूर्वी ही तफावत शिक्षण आणि व्यवसायाच्या निवडीने बरीचशी समजावता यायची. आता तिचा मोठा भाग एकाच व्यवसायातल्या स्त्री-पुरुषांमध्ये आहे आणि ती उघडी पडते पहिल्या मुलाच्या जन्मानंतर. मालक हाक मारेल तेव्हा हजर राहणाऱ्याला, रात्री-बेरात्री फोन उचलणाऱ्याला जिथे भरमसाट जास्त मिळतं, तिथे मूल सांभाळणारं माणूस मागे पडतं, आणि ते माणूस बहुतेक घरांत आईच असते. डेन्मार्कसारख्या देशात, जिथे पाळणाघरं आणि रजा दोन्हींची सोय उत्तम आहे, तिथेही मूल झाल्यावर आईची कमाई दीर्घकाळात सुमारे २० टक्क्यांनी मागे राहते आणि बापाच्या कमाईला जवळपास धक्काही लागत नाही, असं तिथल्या नोंदींवरून अर्थशास्त्रज्ञांनी काढलंय. म्हणून नोकरी टिकली हेच पुष्कळ, हा विचार मनातून काढून टाक. नोकरी टिकवणं म्हणजे त्यांनी तुझ्यावर केलेले उपकार नव्हेत. त्या वर्षीची वाढ हिशेबातली एक स्वतंत्र ओळ आहे, आणि ती स्वतंत्रच मांडायची.

तुझ्या पत्रात आणखी एक गोष्ट आहे, जी तू ओझरती लिहून पुढे गेलीस. "मीच त्याला शिकवलं." हे काम तुझ्या वार्षिक मूल्यमापनात कुठे नोंदलंय? नसणार. बैठकीचं टिपण घेणं, नव्या माणसाला हाताशी धरणं, कोणाच्या निरोपसमारंभाची जुळवाजुळव, गेलेल्या माणसाच्या फायली लावणं, अशी कामं कोणी तरी करावीच लागतात आणि त्यांनी कोणाची बढती होत नाही. बॅबकॉक आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी याचेही प्रयोग केले. स्त्री-पुरुष एकत्र असलेल्या गटात अशा कामासाठी बायकाच जास्त वेळा हात वर करतात, आणि "जरा बघता का?" असं विचारलंही बायकांनाच जास्त जातं. पण गटात नुसते पुरुष असले की पुरुषही तितक्याच वेळा पुढे येतात. म्हणजे हा काही बायकांचा उपजत स्वभाव नाही. खोलीत बाई आहे, ती करेल, असं सगळेच धरून चालतात, तीसुद्धा. पुढच्या बैठकीत टिपण घ्यायची वेळ आली की पहिल्या क्षणी वही उघडू नकोस. इतकंच करून बघ.

आता काय करायचं ते.

आधी स्वतःशी एक खातरजमा कर. त्याच्या स्लिपवर तू मूळ पगार पाहिलास की एकूण? एकूण असेल, तर त्यात त्या महिन्याची थकबाकी, जादा तास, फिरतीचा भत्ता असं काही असू शकतं. मी पगारपत्रकं केलीयत म्हणून सांगते, एका महिन्याची स्लिप फसवू शकते. शिवाय त्याच्याकडे तुझ्याकडे नसलेली एखादी पात्रता आहे का, त्याच्याकडे वेगळी जबाबदारी आहे का, तुमची श्रेणी खरंच एक आहे का, हेही शांतपणे तपास. जे निघेल ते मान्य कर. या चाळणीतून जे उरेल त्यावरच तुझी मागणी उभी राहील, आणि ती कोणाला हलवता येणार नाही.

मग तू रोज जे करतेस तेच कर. तुलनात्मक तक्ता मांड. या वेळी पुरवठादारांचा नाही, स्वतःच्या पदाचा. नेमणूकपत्रात लिहिलेली कामं एका बाजूला, प्रत्यक्ष करतेस ती दुसऱ्या बाजूला. गेल्या तीन वर्षांत किती ऑर्डरी हाताळल्यास, दर पाडून घेऊन कंपनीचे किती वाचवलेस, कोणता अडलेला माल कसा सोडवलास, किती जणांना तयार केलंस. खरेदीत काम करणाऱ्याचं एक बरं असतं, बचत आकड्यांत दाखवता येते. हे सगळं दोन पानांच्या वर जाऊ देऊ नकोस. साहेब तिसरं पान वाचणार नाहीत.

आता त्या मुलाबद्दल. त्याच्याशी आधी बोल. त्याने विश्वासाने स्लिप पुढे धरली होती, तेव्हा त्याला न विचारता त्याचं नाव बैठकीत घ्यायचं नाही आणि स्लिपचा फोटो वगैरे काढायचा नाही. पण त्याला सांग, की मला फरक दिसला, मी माझा पगार दुरुस्त करून मागणार आहे, आणि तुझ्या पगाराला हात लागावा असं मला अजिबात वाटत नाही. तू लिहितेस तसा तो चांगला असेल, तर बहुधा साथ देईल. नाही दिली तरी अडणार नाही. साहेबांना विचारायला तीन प्रश्न पुरतात. माझ्या पदाची वेतनश्रेणी काय आहे? त्या श्रेणीत मी कुठे आहे? आणि तिथेच का आहे? यांतल्या एकाही प्रश्नाला कोणाची स्लिप लागत नाही.

पगाराबद्दल आपसांत बोलू नये, असं नेमणूकपत्रात लिहिलेलं असेल तर घाबरून जाऊ नकोस, पण कायदा बघून घे. तू कोणत्या देशात आहेस ते पत्रात नाही. ब्रिटनमध्ये भेदभाव होतोय का हे शोधण्यासाठी पगाराबद्दल बोललं, तर २०१० च्या कायद्याने असं कलम लागू करता येत नाही. अमेरिकेत खासगी नोकरीतल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना आपसांत पगाराची चर्चा करायचा हक्क १९३५ पासून आहे. युरोपीय संघाने २०२३ साली वेतन पारदर्शकतेचा निर्देश काढला. त्यानुसार आपल्यासारखंच काम करणाऱ्यांचा सरासरी पगार, स्त्रियांचा वेगळा आणि पुरुषांचा वेगळा, विचारायचा हक्क कर्मचाऱ्याला मिळतो, आणि तो आपापल्या कायद्यात आणायला सदस्य देशांना जून २०२६ पर्यंतची मुदत दिली. आइसलँडने तर भारच उलटा केला. २०१८ साली तिथे कायदा लागू झाला, की २५ किंवा अधिक माणसं असलेल्या कंपनीने आपण समान वेतन देतो हे स्वतः सिद्ध करायचं. मला हीच पद्धत सगळ्यात न्याय्य वाटते, कारण सगळी कागदपत्रं कंपनीच्या कपाटात असतात. कर्मचाऱ्याच्या हाती काय, एखाद्या दिवशी चुकून दिसलेली एक ओळ.

बैठकीची वेळ मागून घे, जाता येता दारात उभं राहून बोलू नकोस. वाढीचे आकडे ठरण्याआधी, म्हणजे मूल्यमापनाच्या निदान दोन-तीन महिने आधी बोल. तक्ता सहीला गेल्यावर माझ्यासारखी कोणी टाइप करत बसलेली असते, तेव्हा बदल होत नाहीत. आणि एक शब्द कटाक्षाने टाळ, 'पगारवाढ'. वाढ मागितली की ती द्यायची की नाही ही त्यांची मर्जी होते. तू दुरुस्ती मागायला जातेयस. "माझ्या पदाचा आणि कामाचा विचार करता माझा पगार श्रेणीत जिथे असायला हवा तिथे नाही. तो तिथे आणावा, असं माझं म्हणणं आहे. मला अपेक्षित आकडा हा आहे." एवढं म्हणून थांब. पुढची शांतता तुला खायला उठेल, पण ती भरून काढायला "म्हणजे थोडं कमी असलं तरी चालेल" असं काहीही बोलू नकोस. पुरवठादाराला दर विचारून तू गप्प बसतेस ना, अगदी तशी बस.

उत्तरं काय येतील ती मी तुला आत्ताच सांगू शकते. "तुला कोणी सांगितलं?" हे पहिलं. त्यावर म्हणायचं, की कोणी सांगितलं यापेक्षा माझा पगार बरोबर आहे का ते बघू या. मग "बजेट नाही." यावर भारतातला एक निकाल आठवतो. ऑड्री डी'कॉस्टा या स्टेनोग्राफरने तेच काम करणाऱ्या पुरुषांपेक्षा आपल्याला कमी पगार मिळतो म्हणून दाद मागितली होती. आमची आर्थिक स्थिती नाही, असं कंपनीने सांगितलं. समान वेतन देणं हे मालकाच्या ऐपतीवर अवलंबून नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली स्पष्ट केलं. बैठकीत तू निकाल वाचून दाखवू नकोस, पण बजेट नाही हे शेवटचं उत्तर नसतं एवढं मनाशी धरून ठेव. तिसरं उत्तर सगळ्यात गोड आणि सगळ्यात धोक्याचं, "पुढच्या वर्षी नक्की बघू." त्यावर तारीख विचार. आणि सगळा फरक एकदम भरून न काढता थोडासा देऊ केला, तर घे, पण हा पहिला टप्पा आहे आणि दुसरा कधी, हे लेखी घे.

बैठक संपली की त्याच संध्याकाळी चार ओळींची मेल पाठव. आज आपलं हे बोलणं झालं, तुम्ही अमुक तारखेपर्यंत कळवतो म्हणालात. बस. भांडणाचा सूर नको, नुसती नोंद. ही नोंद का महत्त्वाची, ते लिली लेडबेटर यांच्या गोष्टीवरून कळतं. अमेरिकेतल्या टायरच्या कारखान्यात त्या जवळजवळ दोन दशकं पर्यवेक्षक होत्या. निवृत्तीच्या आसपास कोणीतरी एक निनावी चिठ्ठी त्यांना पोचवली. तिच्यात त्यांच्याच पदावरच्या पुरुषांचे पगार होते, सगळे त्यांच्यापेक्षा जास्त. त्या कोर्टात गेल्या, आणि २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की तक्रारीची १८० दिवसांची मुदत केव्हाच उलटून गेली. जी गोष्ट ठाऊकच नव्हती तिची तक्रार वेळेत करायची तरी कशी? २००९ साली त्यांच्या नावाने कायदा झाला आणि कमी पगाराच्या प्रत्येक चेकबरोबर मुदत नव्याने सुरू होते असं ठरलं. त्यांना स्वतःला बुडालेले पैसे मिळाले नाहीत. तुला मात्र आता ठाऊक आहे. तेव्हा तुझ्या देशात तक्रारीची मुदत किती, ती कुठे करायची, कंपनीत युनियन किंवा अंतर्गत समिती आहे का, हे याच आठवड्यात शोधून ठेव. वापरावं लागेलच असं नाही.

एक गोष्ट मी तुला जबरदस्तीने सांगणार नाही, पण विचार कर. कंपनीत तुझ्यासारख्या आणखी किती जणी असतील? एकटी बोलली की "तिचं काहीतरी चाललंय" होतं, चौघी मिळून श्रेणी विचारायला गेल्या की तो धोरणाचा प्रश्न होतो. १९७५ साली २४ ऑक्टोबरला आइसलँडमधल्या सुमारे ९० टक्के बायकांनी एक दिवस घरचं आणि बाहेरचं काम बंद ठेवलं, आणि कामाची किंमत सगळ्या देशाला एका दिवसात कळली. तुला दोन मैत्रिणी मिळाल्या तरी पुरे.

दुसरीकडे अर्ज करायचा असेल तर खुशाल कर. बाजारात आपला दर काय आहे हे खरेदीतल्या माणसाला कळायलाच हवं. पण सोडून जायची धमकी मात्र खरोखर जायची तयारी असेल तेव्हाच.

तुझ्या नवऱ्याबद्दल मला राग नाही. तुला त्रास होऊ नये असं त्याला वाटतं. त्याच्यापुढे फक्त कागदावर हिशेब मांड: गेली अडीच वर्षं, दर महिन्याचा फरक, अधिक रजेनंतरची ती न मिळालेली वाढ, आणि पुढची पंधरा वर्षं. बेरीज त्यालाच करायला दे.

साहेबांना द्यायच्या पत्राचा मसुदा तयार झाला की मला पाठव. कंपनीचं नाव, माणसांची नावं, आकडे सगळं खोडून पाठव. 'विनंती', 'कृपया' आणि 'शक्य झाल्यास' हे शब्द कुठे कुठे आलेत तेवढं मी बघून देते.

तुझी ताई